साडेअकराला बंद झालेलं दार

मी एक जुना मिक्सर आहे. चटणी वाटायचा नव्हे, मित्रांनो. दोन गाणी एकमेकांत अलगद मिसळायचा. माझ्या अंगावर बटणं आहेत, सरकत्या पट्ट्या आहेत आणि दोन गोल तबकड्या आहेत. त्यातली डावी आता फिरत नाही. जुन्नर तालुक्यातल्या डिंगोरे गावी, शेतातल्या मोटारीच्या खोलीत, युरियाच्या गोण्यांवर मी पडून आहे.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पुण्यातल्या एका नाइट क्लबात मी सात वर्षं राबलो. मग नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून मला हर्षालीनं मागून नेलं. ती याच गावची, भिमाजींची मुलगी. पुण्यात इंजिनिअरिंग शिकत होती. तिच्या वर्गातला आदेश मंचरचा, बटाट्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्यानं मला उघडलं, तुटलेल्या तारा जोडल्या, कापसानं एकेक फट पुसली.

"यंत्र लई चांगलंय. लोकांनी नीट वापरलं न्हाई," तो म्हणाला. माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक.

त्याच क्लबात दर गुरुवारी विद्यार्थ्यांची रात्र असे. नोकरदार माणसं साडेअकरापर्यंत घरी जात. मग दीड वाजेपर्यंत मजला या पोरांचा. लिंबू-सरबत प्यायचं आणि घाम निघेपर्यंत नाचायचं. हर्षाली माझ्यावर बोटं ठेवी आणि आदेश माइकवर बोले. कोणाचा वाढदिवस, कोणाचा पेपर अवघड गेलेला, सगळं त्याला ठाऊक असे. दिवसभर वर्गात मान खाली घालून बसणारी हर्षाली तिथं मान वर करून उभी राही.

दारावर जानकू असे. आंबेगावच्या डोंगरातल्या आहुपे गावचा हा माणूस. कुणी पोरगा झोपेनं झोकांड्या खात बाहेर निघाला, की जानकू त्याच्या गाडीची किल्ली काढून घेई.

"उद्या सकाळी न्या भाऊ. किल्ली पळून जात न्हाई," तो म्हणे. मुलींची रिक्षा वळणापार जाईपर्यंत तो आत येत नसे.

शेजारच्या इमारतीत एक आजारी आजोबा राहत. त्यांना झोप लागत नसे. त्यांची तक्रार खोटी नव्हती, मित्रांनो. माझा आवाज भिंतीतून जात होता, हे मी कबूल करतो. तक्रारी वाढल्या आणि एके दिवशी हुकूम आला : साडेअकराला दार बंद. पोरांची वेळ सुरू व्हायची तेव्हाच दिवे मालवू लागले. दोन महिन्यांत गुरुवार संपला. जानकूची नोकरी गेली आणि तो भातशेती करायला आहुप्याला परतला.

पोरांचं नाचायचं वय मात्र हुकमानं संपलं नाही. कुणीतरी शहराबाहेर, महामार्गापासून आत, एक फार्महाऊस शोधलं. तिथं शेजारी नव्हते, घड्याळ नव्हतं आणि दारावर जानकूही नव्हता. आदेशचं मन होत नव्हतं.

"सकाळी मला मंचरला बाजारात उभं राहायचंय. आण्णांचं गुडघं धरल्यात," तो म्हणाला.

"एकदाच चल ना," हर्षाली म्हणाली. "तुझ्याशिवाय माइक कोण धरणार?"

तो आला. रात्रभर बोलला, हसला, आणि ते सगळं माझ्यात खोचलेल्या पेन ड्राइव्हमध्ये भरत गेलं. पहाटे त्यानं मला माझ्या पेटीत नीट ठेवलं आणि हेल्मेट उचललं.

"उजाडू दे की," हर्षाली म्हणाली.

"बाजार सुटंल. जातो मी."

मी हर्षालीबरोबर मैत्रिणींच्या गाडीत होतो. अर्ध्या तासानं गाडी महामार्गावर थांबली. कडेला एक बंद पडलेला ट्रक उभा होता. त्याच्या मागं दिवा नव्हता. आदेशची मोटारसायकल त्यावर आदळली होती आणि तो जागीच गेला होता. आदेशला डुलकी लागली होती की त्याला ट्रक दिसलाच नाही, हे आता कोणीच सांगू शकत नाही. हर्षाली गाडीतून उतरली. तिचा तेव्हाचा आवाज मी ऐकला. तो कुठल्याच गाण्यात मिसळता येणार नाही.

पुढं गावात जिभा सैल सुटल्या. भिमाजींनी लेकीला घरी आणलं. तिनं परीक्षा दिली नाही. मला त्यांनी या खोलीत टाकलं. युरियाचा खार माझ्या धातूत उतरला, उंदरांनी वायर कुरतडली. हर्षाली भाजी खुडायला शेतात येई, पण या दाराकडे बघत नसे.

दीड वर्षानं आदेशची आई सारजाबाई एसटीनं डिंगोऱ्याला आल्या. चहासुद्धा घेतला नाही.

"पोरी, त्या राती तो बोलला ते समदं यंत्रात भरलंय म्हनं. त्याच्या दोस्तांनी सांगितलं," त्या म्हणाल्या. "मी भांडाया न्हाई आले. मला फकस्त त्याचा आवाज ऐकव."

हर्षालीनं खोलीचं दार उघडलं. त्या रात्रीचा पेन ड्राइव्ह अजून माझ्या कुशीत खोचलेला होता. तिनं कुरतडलेली वायर सोलून जोडली, हेडफोन सारजाबाईंच्या कानांवर ठेवला आणि बटण दाबलं. मी सगळा जीव एकवटला. एक हिरवा दिवा लुकलुकला. खरखर झाली. मग दिवा गेला. पेन ड्राइव्ह ओढून काढला, तर त्याचं गंजलेलं टोक माझ्यातच तुटून राहिलं.

सारजाबाई हेडफोन काढेनात. "खरखर व्हती ती त्याचीच का गं?" त्यांनी विचारलं.

"मीच त्याला 'चल' म्हणले व्हते, काकू," एवढंच हर्षाली बोलली आणि गोण्यांवर कोसळली. सारजाबाईंनी तिला जवळ घेतलं नाही आणि बोलही लावला नाही. त्या पदर सावरून उठल्या आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागल्या.

मित्रांनो, दार किती वाजता बंद करायचं, ते मोठ्यांनी खुशाल ठरवावं. आजारी माणसाला झोप मिळायलाच हवी. पण बंद दाराबाहेर राहिलेली पोरं कुठं जातात, हे बघायलाही कोणीतरी उभं असावं. आणि एखादी वस्तू अडगळीत टाकण्याआधी तिच्यात कोणाचा आवाज राहिलाय का, तेवढं विचारा. मला कोणी विचारलं नाही. आदेशचं शेवटचं बोलणं माझ्यापाशी होतं आणि ते मी त्याच्या आईला देऊ शकलो नाही.