जगदेवची कुऱ्हाड आणि काचेची नळी

कुऱ्हाड बोथटली बबनरावांची आणि चोर ठरला जगदेव लोहार. रिठदच्या चावडीत बबनराव सगळ्यांदेखत म्हणाले, "पोलादाच्या नावानं कच्चं लोखंड घालून राह्यला हा. पाडव्यापासून गावाले दुसरा लोहार आनू." पारख केली कशी, असं कोणी विचारलं नाही. माना डोलल्या. त्या डोललेल्या मानांचा मला आजही संताप येतो. माझी मान डोलली की नाही ते आठवत नाही. मी गप्प बसलो एवढं मात्र खरं.

साल एकोणीसशे छत्तीस. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. दुसऱ्या दिवशी जगदेव एक लाकडी पेटी घेऊन वर्गाच्या दारात उभा राहिला. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातून त्यानं भंगार आणलं होतं, त्यात ती निघाली.

"गुरुजी, हे दवाखान्याचं हाये काय? रबराचा गोळा दिसते."

पेटीत लोखंडी बैठकीवर एक उभी काचेची नळी होती. तिच्यावर खालून वर शून्यापासून एकशे चाळीसपर्यंत आकडे. गोळा दाबून सोडला की नळीतला इवलासा हातोडा वर ओढला जाऊन अडकून बसे. पुन्हा दाबला की टपकन खाली पडे आणि थोडा उसळे. सोबतचा कागद वाळवीनं खाल्लेला. मलाही काही उमगेना. म्हणून मी पोरांनाच कामाला लावलं. नळीखाली खिळा ठेवला, हातोडा पंचविसापर्यंत उसळला. जगदेवचा घण ठेवला, ऐंशीपर्यंत गेला. मग मी एक गोटी फरशीवर टाकली, एक सारवलेल्या जमिनीवर.

तिसरीतली रंगू उठूनच उभी राहिली. "गुरुजी, जितकं टनक, तितकं उडते!"

जगदेव धावत जाऊन नवी कुऱ्हाड घेऊन आला. धारेजवळची बाजू दगडावर घासून लख्ख केली. आकडा आला सत्तर. बऱ्याच दिवसांनी तो हसला. "गुरुजी, बबनरावाले बलवा. त्याची बी मोजू."

बबनराव जगदेवच्या भात्यापाशी आले ते दहा माणसं घेऊनच. त्यांच्या पत्नी कस्तुराबाई विळ्याला धार लावून घ्यायला आधीच येऊन बसल्या होत्या. ऐरणीवर बबनरावांची कुऱ्हाड ठेवली. आकडा तीस.

"घ्या! मास्तरची मशीन बी तेच म्हनते!" सगळे खदाखदा हसले. जगदेवचा चेहरा उतरला. त्याला फासावर द्यायला दोर जणू मीच आणून दिला होता.

पण पोराचं उत्तर चुकलं तर मी आधी त्याची पाटी पाहतो. मी विचारलं, "बबनराव, घेतल्यापासून या कुऱ्हाडीचं काय काय केलं?"

"काय करतेत कुऱ्हाडीचं? पूजा?"

"आन् दांडा तुटला तवा?" कस्तुराबाई मागून म्हणाल्या.

"तू गप बस."

"काहून गप बसू? तुटका दांडा आत अडकला, निंगे ना. तुमीच म्हनले चुलीत घाल, जळून जाईल. अख्खी दुपार गोवऱ्यात होती."

दहाच्या दहा माणसं खाली पाहू लागली. अडकलेला दांडा काढायची ही रीत घरोघरीच होती.

जगदेवनं आपली सत्तरची कुऱ्हाड उचलली आणि पेटत्या गोवऱ्यांत घातली.

"अरे, वाया जाईल," मी म्हणालो.

"जाऊ द्या. माह्या नावापेक्षा मोठी नाई."

दुपारभर कोणी हललं नाही. राखेतून काढलेली कुऱ्हाड निवली, घासली, नळीखाली आली. आकडा एकतीस. दोनदा मोजला, तोच. आगीनं पोलाद मऊ पडलं होतं.

बबनरावांनी घसा खाकरला. "बरं, बरं. देजो मंग माहीले पानी पाजून, पयल्यासारखी टनक करून."

"देतो. पन चोर चावडीत म्हनलं तुमी मले. ते वापस घ्याचं तं तिथंच."

"लोहार मले शिकवते?" बबनराव आपली कुऱ्हाड उचलून तरातरा निघाले. चूक कळली होती, पण ती कबूल करायला यांची जीभ जड!

कस्तुराबाईंनी विळा जगदेवपुढे सरकवला. "तू धार लाव. घरी गेल्यावर पायतो मी त्याहीच्याकडं."

घरी काय झालं ठाऊक नाही. संध्याकाळी आम्ही सगळे चावडीत जमलो असताना बबनराव कुऱ्हाड घेऊनच आले आणि खांबाकडे तोंड करून काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाई आलं!" मागून रंगू ओरडली.

मोठ्यांमध्ये बोलणाऱ्या पोरांना मी नेहमी गप्प करतो. त्या दिवशी केलं नाही. मीही म्हणालो, "मलाही नाही आलं."

मग बबनराव वळले, जगदेवकडे पाहिलं आणि बोलले, "लोखंड चांगलं होतं. चूक माह्या घरची."

जगदेवनं त्यांच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि भात्याकडे चालू लागला.