ब्रशची शाई

हस्ताक्षर स्पर्धेत नातीचं अक्षर काळंभोर उमटावं, म्हणून क्वीआजोबांनी आदल्या दिवशी लिएनच्या स्वस्तातल्या शाईपेनात आपली शाई भरली होती. तेतच्या, नववर्षाच्या सणाला लाल कागदावर ब्रशने लिहायची, सरस घातलेली दाट शाई. आता ते वर्गाच्या दारातून पाहत होते. लिएनने पेन झटकलं, कागदावर घासलं. अक्षर काही उमटेना.

"पेन धुतलं नाहीस ना?" न्हानबाई रागावल्या. "दर रविवारी साध्या पाण्याने धुवायचं, कितीदा सांगितलं!"

लिएनने एकदा दाराकडे पाहिलं. "चुकले, बाई. विसरले."

आजोबांचे कान तापले. गल्लीभर लोक त्यांना गुरुजी म्हणत.

"ती धुते हो, बाई," ते कसेबसे बोलले. "शाई मी भरली. ब्रशची."

वर्गात खसखस पिकली. बाईंनी लिएनला स्वतःचं पेन दिलं आणि तुंबलेलं आजोबांच्या हाती ठेवलं. "नळ बाहेर आहे, गुरुजी. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. गरम पाणी नको हं."

"आजोबांना शिक्षा!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं.

आजोबा मान खाली घालून नळाशी गेले. खिडकीतून लिएन लिहिताना दिसत होती, पण तिच्याकडे बघायचा त्यांना धीर होईना.