बाही नऊ, सैल ठेवणे

तक्रारखिडकीमागचे साहेब, तुम्ही न बघताच निकाल दिलात. मला नक्कल ठरवलंत!

मित्रांनो, मी एक जुनी मापांची वही आहे. पुठ्ठा उसवलेला, एक कोपरा इस्त्रीने करपलेला. जिन्याखालच्या खोलीत एक शिलाई मशीन, एक आरसा, मी आणि माझी मालकीण. तिची धाकटी बहीण तिला ताई म्हणायची, म्हणून मीही ताईच म्हणते. माझ्या डाव्या पानावर गिऱ्हाइकांची मापं. उजवं पान ताईचं. शाळा चौथीत सुटली, पण मशीन थांबलं की ती लिहायची.

धाकटी तापाने गेली तेव्हा तिचा झगा मशीनवर होता. एक बाही लागायची राहिली होती. ताईने ती लावली आणि त्याच झग्यात तिला निरोप दिला. मग ते सगळं तिने माझ्यावर उतरवलं. ती लिहीत असतानाच वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई कोट शिवायला टाकायला आल्या. डावं पान भरलेलं. ताईने मजकुराच्या मधेच मनगटाशी बाहीच्या घेराचं माप टिपलं, 'बाही नऊ, सैल ठेवणे', आणि खाली पुन्हा बहिणीचं लिहीत राहिली.

कोट न्यायला आल्या तेव्हा बाईंनी ते वाचलं. डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, फोटो काढू? माझ्यापुरता."

"काढा की. कुणी वाचतंय तेच खूप."

त्यांच्यापुरता राहिला नाही. बाईंनी तो मैत्रिणीला पाठवला, मैत्रिणीने आणखी कुणाला. शेवटी एका गृहस्थाने ते इंटरनेटवर स्वतःच्या नावाने चढवलं. जसंच्या तसं, मापासकट! खाली लोक लिहितात, "काय खोल ओळ! दुःखही सैल ठेवावं!"

"अगं बाई, ती माझी बाही आहे!" मास्तरीणबाई ओरडल्या. ताई पोट धरून हसली. मग तोंड झाकून रडली.

तिथेच एका परक्या बाईने लिहिलं होतं: "लेक गेल्यापासून आज पहिल्यांदा पोटभर जेवले." ताई ती ओळ रोज वाचायची. एक दिवस म्हणायची, "पोचलं ना? मग नाव नसलं तर नसू दे." दुसऱ्या दिवशी कात्री आपटायची. "पण बाई, बहीण माझी मेली. त्या मेल्याने ती स्वतःची केली!"

शेवटी दोघी मला पिशवीत घालून, लिखाण चोरल्याची तक्रार घेऊन तुमच्या खिडकीशी आल्या. तुम्ही म्हणालात, फोनच्या पडद्यावरच्या मजकुराला तारीख आहे, वहीत नाही. म्हणजे वहीच पडद्यावरून उतरवलेली. अहो, शिवणारी माणसं वार लिहितात! 'मंगळवारी देणे.' बाईंनी अंगातला कोट काढून पुढे केला. "घ्या टेप, मोजा बाही!"

"इथे कपडे घेत नाही," तुम्ही म्हणालात. आणि खिडकी लावलीत.

तेव्हापासून माझं उजवं पान कोरं आहे. ताई आता फक्त डाव्या पानावर मापं लिहिते.

मित्रांनो, कुणाचं लिहिलेलं काळजाला लागलं तर जरूर पुढे द्या. पण लिहिणाऱ्याला मागे टाकून नको.

आणि साहेब, तुमच्याकडे माझं एक काम राहिलंय. त्या गृहस्थाला समोर बसवा आणि एवढंच विचारा: बाही कुणाची? काय म्हणतो ते मला लेखी कळवा. उजवं पान मोकळंच आहे.