हवेचं माप

"बंद करून चालू करून बघ की," असं म्हननाऱ्या पुढच्या मानसाला मी खरंच काहीतरी फेकून मारनार हाय. डॉक्टर म्हनतेत, नर्स म्हनती, चहावाला बी म्हनतो. अरे, मी सत्यशीला, केजच्या बस स्टँडमागं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान मांडून बसले ते काय माशा मारायला? बंद-चालू करून झालंय. लई येळा झालंय.

झालं असं. राजेश्वर डॉक्टरांच्या डोळ्याच्या दवाखान्यात एक जुनी मशीन हाय. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी ती डोळ्याची लांबी मोजती. पेनासारखी दांडी डोळ्याला अलगद टेकवायची, आकडा येतो, आन त्या आकड्यावरून आत कोन्त्या नंबरची लेन्स बसवायची ते ठरतं. आकडा चुकला की लेन्स चुकली. मग बसा आयुष्यभर धुकटात. ह्या मशीनचा सगळा जीव कॉम्प्युटरच्या पोटातल्या एका कार्डात, आन ते कार्ड चालतं फक्त जुन्या विंडोजवर. तो जुना कॉम्प्युटर लाइटीच्या झटक्यानं जळाला.

कंपनी म्हनली, नवी मशीन घ्या. डॉक्टर म्हनले, "ताई, तुमी बघा काही जमतंय का."

मी जमवलं. जुनी हार्ड डिस्क वाचली हुती. नवा कॉम्प्युटर आनला, त्याच्या आत सॉफ्टवेअरमधी एक खोटा कॉम्प्युटर उभा केला, त्यात तो जुना विंडोज हाय तसा टाकला, आन खरं कार्ड त्या खोट्याच्या ताब्यात दिलं. विंडोज उठला. कार्ड वळखलं. मी पेढे आनायला निघालतेच, तेवढ्यात डॉक्टरांनी एकाच्या डोळ्याला दांडी टेकवली आन सगळं ठप्प. काळा पडदा आन त्यावर एक ओळ, मेमरी फॉल्ट. पुन्हा उठवलं, पुन्हा टेकवली, पुन्हा ठप्प.

दुसरं कुनाचं काम असतं तर मी हात जोडून मोकळी झाले असते. पन शनिवारी तिथंच माझ्या सासूचं ऑपरेशन हुतं.

माझी सासू चंद्रभागाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हनते. एक डोळा लहानपनीच देवीच्या रोगात गेला, उरलेल्या एकात मोतीबिंदू पिकलेला. म्हंजी जे काय करायचं ते ह्या एकाच डोळ्यावर. आन बाईचा सोभाव असा की कुनी काही बी इचारा, उत्तर एकच. "कसं हाय?" "बरं हाय." "दिसतंय का?" "हाव, दिसतंय की." तव्यावर बोटं भाजून घेतील पन दिसत न्हाई म्हनून सांगनार न्हाईत. दुसऱ्याला तरास नको म्हनं. ह्या तरास-नको पायीच मला सगळ्यात जास्ती तरास हाय, हे कोन सांगनार त्यांना?

एकदा मी त्यांच्या समोर नुसती मूठ धरली. म्हनलं, "आत्याबाई, किती बोटं हायेत?"

"दोन," त्या ठासून म्हनल्या.

मी मूठ खाली घेतली. पन तोंडातून निघालं, "बरोबर." लगेच डॉक्टरांकडं नाव लावलं.

तर मशीन. डोकं खाजवून खाजवून शेवटी मला कारन घावलं. कॉम्प्युटर आपली मेमरी पानापानानं वाटतो. आतल्या खोट्या कॉम्प्युटरला जागा द्यायची तर अख्खं पान त्याच्या नावावर करावं लागतं. आन आमच्या कार्डाची जागा इतकुशी, पानाच्या एका कोपऱ्यात. त्याच पानावर शेजारी नेटच्या कार्डाचा संसार. आता तहसीलला दोन गुंठ्याची खरेदी लावायला गेलं की कसं म्हनतेत, तुकडा हाय, व्हत न्हाई. तसंच हे. पान नावावर झालं न्हाई, म्हनून आतल्या विंडोजनं त्या जागेला हात लावला की बाहेरचा म्हनतो, ही जागा तुझी न्हाई, आन त्याचा गळा धरतो. तोच तो फॉल्ट. इलाज बी हुता. नेटच्या कार्डाला तिथून उठवायचं आन आमच्या कार्डाला अख्खं पान द्यायचं.

मी डॉक्टरांना म्हनले, "मला आजची दुपार द्या. नीट करते."

"ताई, पेशंट बसलेत. वडवणीहून, चौसाळ्याहून लोक आलेत. काहीतरी करा, तात्पुरतं चालवून घ्या."

"तात्पुरतं चालत न्हाई हे."

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. मला बी आत्याबाईंना आनायचं हुतं, त्यांचं माप त्याच दिवशी हुतं. मी तनतनतच घरी गेले.

परत आले तर मशीन चालू! डॉक्टर खुशीत. कंपनीच्या वळखीतल्या कुना मानसाला फोन लावला हुता, त्यानं लांबूनच कॉम्प्युटरमधी शिरून एक सेटिंग बदललं. "बघा ताई, पाच मिन्टात केलं त्यानं. तुमी उगंच अवघड करून ठेवलतं."

नर्स हसली. माझ्या कानशिलातून जाळ निघाला. इतकं करून, नवऱ्याला हातानं वाढून घ्यायला लावून, पदरात काय पडलं तर उगंच अवघड! जाऊ द्या म्हनलं. चाललं ना, बास. आत्याबाईंचा नंबर आला, डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकला, दांडी टेकवली. आकडा आला. नर्सनं चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. "दुखलं का आजी?" "न्हाई बाबा, बरं हाय."

पन माझं मन काही बसंना. मी सेटिंग उघडून बघितलं. त्या पठ्ठ्यानं लिहिलतं, अनोळखी जागेवर फॉल्ट आला तर थांबू नको, काहीतरी देऊन पुढं जा. आन ते काहीतरी म्हंजी नुसता एकचा आकडा, कॉम्प्युटरच्या भाषेत एक म्हंजी हाव. म्हंजी आतला विंडोज बिचारा कार्डाला इचारतो, नवं माप आलं का? त्याला उत्तर मिळतं, हाव. माप बरोबर हाय का? हाव. कार्डाला तर कुनी इचारलेलंच न्हाई.

हाव, हाव, हाव. असं एक मानूस माझ्या घरात हाय की.

मी दांडी उचलली आन कुनाच्या डोळ्याला न लावता नुसती हवेत धरली. मापाचं बटन दाबलं.

आकडा आला.

नर्सचं हसू गेलं. मी हातातली चिठ्ठी पडद्याजवळ नेली. हवेचा आकडा आन आत्याबाईंचा आकडा एकच, शेवटच्या टिंबापर्यंत एकच. मी घरी गेल्यापासून जेवढे बसले तेवढ्यांचा तोच. जुन्या नोंदीत बघितलं तर कॉम्प्युटर जळायच्या आधी शेवटचा मानूस बसलता वडवणीचा बजरंग. त्याचाच आकडा आत पडून हुता. मशीनला वाटायचं नवं माप आलं, आन ती प्रत्येकाला बजरंगचा डोळा वाटत सुटली हुती.

"डॉक्टर," मी म्हनले, आन माझा आवाज दवाखानाभर गेला, "शनिवारी माझ्या सासूच्या एकुलत्या एका डोळ्यात तुमी बजरंगची लेन्स घालनार हुता! त्या फोनवाल्यानं बिघाड काढला न्हाई, बिघाडाचं तोंड दाबलं नुसतं! आन मी अवघड करून ठेवलं व्हय?"

राजेश्वर डॉक्टर मानूस वाईट न्हाई. पांढरेफटक पडले. त्यांनी स्वतः दांडी हवेत धरून बघितली, मग भिंतीकडं करून बघितली. मग खाली बसले. "आजच्या सगळ्या चिठ्ठ्या फाडा," नर्सला म्हनले. आन मला म्हनले, "ताई, चुकलं माझं. पायजे तेवढा टाइम घ्या."

आधी ते सेटिंग उडवलं. मशीन पहिल्यासारखी ठप्प झाली, आन काय सांगू, ती ठप्प झालेली बघून मला बरं वाटलं. मग कॉम्प्युटर उठतानाच त्याला हुकूम दिला, ह्या कार्डाला अख्खं पान दे. मधी लाइट गेली. आली. पुन्हा पहिल्यापासून. बाकावरचे लोक मला शिव्या देत असतील तर देऊ द्या. संध्याकाळच्या आत कार्डाला त्याची जागा मिळाली. दांडी हवेत धरली तर मशीन म्हनली, माप मिळालं न्हाई. इतकं गोड वाक्य मी कधी वाचलं नव्हतं. पुन्हा एकेकाला बसवलं, प्रत्येकाचा आकडा निराळा. आत्याबाईंचा तर बजरंगपासून लई लांब.

घरी जाताना त्या म्हनल्या, "लई वरडलीस गं तू. डॉक्टरला वाईट वाटलं आसंल."

"वाटू द्या!" मी म्हनले.

शनिवारी ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी इचारलं, "आजी, दिसतंय का?"

"हाव, दिसतंय की," आत्याबाई म्हनल्या.

डॉक्टर हसले, नर्स हसली. मला मात्र रडू फुटायचं बाकी राहिलं. हेच उत्तर मी किती वर्षं ऐकत आले. आकडा बरोबर हुता, कार्ड बरोबर हुतं, पन ह्यांच्या 'हाव'वर मी इश्वास कसा ठिवू? मी डॉक्टरांना बाजूला सारलं, समोर उभी राहिले आन मूठ धरली.

"आत्याबाई, किती बोटं?"

 माझ्या मुठीकडं बघत बसल्या.  म्हनलं, गेलं, सगळं गेलं.

"एक बी न्हाई," त्या म्हनल्या. "मूठ हाय ती."

मी डॉक्टरांकडं बघून हसले. पन त्या मुठीवरून डोळा काढंनात. मग हळूच माझ्या तोंडाकडं बघितलं, नीट, जणू पहिल्यांदाच बघायल्यात.

"त्या दिवशी बी मूठच हुती न्हवं गं?"

मी मूठ सोडली.

"मग तू बरोबर कावून म्हनलीस?"