कोऱ्या चेकवरच्या सह्या

बायकोचं मंगळसूत्र बायकोच्या गळ्यात आणि बायकोचं चेकबुक नवऱ्याच्या पिशवीत, ही वाटणी आपल्याकडे कुणालाच खटकत नाही. कोन गावच्या धनेश भोईरलाही ती कधी खटकली नव्हती. नारपोलीत त्याचं सिमेंट-पत्र्याचं दुकान, तर बायको सुकन्या महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. पगार तिच्या खात्यात जमा होई, पण व्यवहार सगळा धनेश बघे. नवं चेकबुक आलं की त्याला देव्हाऱ्यासमोर हळदकुंकू लागे आणि लगेच सुकन्याने सगळ्या पानांवर सह्या करून द्यायच्या. दरवेळी सहीसाठी कोण थांबणार? धनेश मोठा कामाचा माणूस ना!

त्या सकाळी हा कामाचा माणूस कामतघरला रिक्षातून उतरला आणि पिशवी रिक्षातच विसरला. पिशवीत ते चेकबुक होतं. लक्षात आलं तेव्हा रिक्षा दिसेनाशी झाली होती.

सह्या केलेले कोरे चेक! कुणीही आकडा भरावा आणि खातं धुऊन न्यावं. त्या खात्यात मुलीच्या, ऋतिकाच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे होते आणि फी पुढच्याच आठवड्यात भरायची होती. सुकन्याला काय तोंड दाखवणार? तिला कळायच्या आत निस्तरावं म्हणून तो धावतपळत बँकेत पोहोचला.

"मॅडम, चेक हरवलेत. पेमेंट थांबवा, लवकर! लेकीच्या फीचे पैसे हायेत खात्यात."

अधिकारी निशा केणे यांनी खातं पाहिलं. "अजून काही गेलेलं नाही. खातेदार कुठे आहेत?"

"मी नवरा हाय तिचा."

"मी खातेदार विचारले. काउंटरवर लक्ष ठेवायला सांगते, पण चेक थांबवायचा अर्ज त्यांच्या सहीचाच लागेल."

धनेश बाकावर जाऊन बसला. काउंटरवर येणारा प्रत्येक माणूस त्याला चोर वाटू लागला. शेवटी त्याने अर्ज लिहिला, खाली सुकन्याची सही आपल्या हाताने ठोकली आणि नेऊन दिला.

केणेबाईंनी सही ताडून पाहिली. "ही तुमच्या बायकोची सही नाही."

"लग्नाला वीस वर्षं झाली, मॅडम! तिचं-माझं काय वेगळं हाय का?"

"संसार एक असेल, सही एक नसते! ही सही मी मान्य केली, तर उद्या चोराने केलेलीही मान्य करावी लागेल. मग तुमची लेक फी कशातून भरणार? अहो, दुसऱ्याची सही करणं हा गुन्हा आहे, मग तो नवरा असो की बायको. फाडा तो कागद, आणि आधी त्यांना फोन लावा."

धनेशने कागद फाडला आणि फोन लावला. शाळेतून सुकन्या तशीच रिक्षा करून आली. "चूक झाली गं," एवढंच तो कसंबसं म्हणाला.

सुकन्या चिडली नाही. तिचं तोंड मात्र उतरलं होतं. "चूक एकट्या तुमची न्हाय. कोऱ्या पानांवर सह्या मीच केल्या ना?" तिने नव्या अर्जावर सही केली. बाईंनी नोंद केली आणि सांगितलं, "थांबवले. पैसे सुरक्षित आहेत!" तेव्हा कुठे दोघांच्या जिवात जीव आला.

मग बाईंनी समजावलं. "बायकोच्या नावाचा चेक तिच्या खात्यात भरायला नवरा खुशाल येऊ दे, स्लिप भरली की झालं. पण अकाउंट पेयी चेक तिच्याच खात्यात जाईल, तुमच्या नाही. दोघांना सही करायची असेल, तर दोघांच्या नावाचं खातं उघडा."

"चालेल की! हिच्या खात्यात माझं नाव घाला," धनेश उत्साहाने म्हणाला.

सुकन्याने त्याच्याकडे पाहिलं. "आणि दुकानाच्या खात्यात माझं घालाल?"

दुकान त्याचं, घाम त्याचा, त्यात दुसऱ्याची सही कशाला, हे उत्तर धनेशच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण हेच सुकन्याने आजवर एकदाही म्हटलं नव्हतं! त्याची मान खाली गेली.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "दोन फॉर्म द्या."

बंधुभगिनींनो, नवरा-बायकोत विश्वास हवाच. पण ज्या विश्वासात सही नेहमी एकाचीच आणि पिशवी नेहमी दुसऱ्याचीच असते, तो विश्वास नव्हे, ती नुसती सवय. आपल्या घरचं चेकबुक कुणाच्या पिशवीत आहे, आज जरा बघा!