‘कचरा काढला’ म्हणे!

मी एक जुनी तात्पुरती फाइल आहे. हसू नका, मित्रांनो! तात्पुरती असून जुनी झाले, ते काय माझ्या हौसेनं?

मलावी सरोवराकाठच्या एका लहानशा कचेरीत माझा जन्म झाला. म्वेरा नावाचा वादळी वारा उठणार असला की कोळ्यांच्या फोनवर इशारा जावा, म्हणून तियामिके तिथे प्रोग्राम लिहीत होती. तिनं लिहिलेलं सेव्ह होईपर्यंत सांभाळायचं आणि मग पुसलं जायचं, एवढंच माझं काम. ती चिसाला गावाच्या ओळी लिहीत असताना वीज गेली. तिच्या लेखी सगळं गेलं. माझ्या पोटात ते तसंच राहिलं. वीज आल्यावर तिनं आठवून आठवून, घाईनं पुन्हा लिहिलं. चिसाला तेवढं राहून गेलं.

तिचा सहकारी लिंबानी. त्यानं न बघता मला सगळ्यांच्या सामाईक कोठारात ढकललं. तिथे केलेला प्रत्येक बदल, करणाऱ्याच्या नावानिशी आणि शेऱ्यानिशी, जपून राहतो; पुसलेलंसुद्धा तिथून परत काढता येतं. येणारा-जाणारा मला पाहून नाक मुरडायचा. उघडून मात्र एकानंही पाहिलं नाही! मग एके दिवशी लिंबानीला सफाईचा झटका आला.

“अरे, बघून तरी काढ,” तियामिके म्हणाली.

“बघायचंय काय त्यात? उकिरडा नुसता!”

त्यानं आम्हा सगळ्या तात्पुरत्या फाइलींना एका फटक्यात पुसलं आणि शेरा लिहिला, ‘कचरा काढला.’ वर साहेबांची शाबासकीही घेतली. संताप झाला माझा!

थोड्याच दिवसांत म्वेरा उठला. गावोगावी इशारा गेला, चिसालाला गेला नाही. तियामिकेचा मामा तिथलाच. होडी बुडाली, जाळी गेली. तो पोहत कसाबसा काठाला लागला. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या दारात उभा राहिला.

“सगळ्या गावांना सांगितलंस गं. मामालाच तेवढं विसरलीस?”

“मी लिहिलं होतं, मामा!” ती रडायला लागली.

“हो, स्वप्नात!” लिंबानी म्हणाला.

लिहिलं होतं की! कोठाराचा जुना इतिहास उपसून तिनं मला बाहेर काढलं आणि पहिल्यांदा उघडलं. चिसालाच्या ओळी जागच्या जागी होत्या. त्या तिनं प्रोग्राममध्ये घातल्या आणि मला पुन्हा पुसलं. तेव्हा मला मुळीच वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, काम झालं की आम्हाला जरूर पुसा. पण आधी एकदा उघडून बघा रे!

लिंबानी आता हळूच म्हणत होता, “तो शेरा तरी बदलूया का गं?”

“राहू दे,” तियामिके म्हणाली. “मामाला वाचून दाखवायचाय.”