डावीकडचं कोरं

“सात नंबर काढून टाका हो. सगळं चित्र नासवलंय त्यानं,” मॅडम म्हणाल्या.

तो नुसती मान डोलावत राहिला. वीजबिल भरायचं नवं ॲप लोकांना जमतंय का, याची चाचणी आदल्या दिवशी झाली होती. पडद्याखालचा कॅमेरा माणसाची नजर कुठे फिरते ते टिपायचा आणि त्याची चित्रं करणं हे त्याचं काम. नजर रेंगाळली तिथे लाल, फिरकलीच नाही तिथे कोरं. इतरांची चित्रं पडदाभर रंगलेली. सात नंबरची उजवी बाजू लालभडक आणि डावी कोरी करकरीत.

“कॅमेरा बिघडला असेल,” मॅडम म्हणाल्या.

सहा आणि आठ नंबरची चित्रं व्यवस्थित होती. एकाच माणसापुरता कॅमेरा कसा बिघडेल? सात नंबर म्हणजे त्याची बायको होती. एक बाई आयत्या वेळी आली नाही, म्हणून त्यानंच तिला घरून बोलावून घेतलं होतं. मागे जायचं बटण डावीकडे होतं, ते तिला शेवटपर्यंत सापडलं नाही. “बटण ठेवायला विसरलात आणि वेड्यात मला काढता!” म्हणत तिनं सगळ्यांना हसवलं होतं. तोही पोट धरून हसला होता.

त्यानं सात नंबर अहवालातून काढला आणि त्या चित्राचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

रात्री जेवताना तो तिच्या ताटाकडेच बघत होता. उजवीकडचं सगळं संपलं होतं.

“भाजी नाही आवडली?”

“वाढलीत कुठे?”

भाजी ताटात डावीकडे तशीच होती. दाराला आपटून तिचा डावा कोपर महिनाभर काळानिळा होता आणि तो तिला वेंधळी म्हणून चिडवत आला होता. त्यानं तिचं ताट हळूच फिरवलं.

“अगंबाई, ही कुठून आली?” ती हसली.

“उद्या डॉक्टरांकडे जाऊ.”

“कशाला? सुईत दोरा ओवते मी अजून!”

सकाळी दोघं निघाली. तो नेहमी तिच्या उजवीकडून चालायचा. एकेरी रस्ता ओलांडताना गाड्या डावीकडून येत होत्या, म्हणून तो त्या बाजूला गेला. खिशातला कागद त्यानं घट्ट धरला होता.

ती मधेच थांबली. उजवीकडे वळून तिनं रिकामा रस्ता पाहिला.

“अहो,” तिनं घाबरून हाक मारली, “कुठे गेलात?”

त्याचा खांदा तिच्या डाव्या खांद्याला लागत होता.